वरची तीन खाचरे

राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या गुंजवणे गावाची ओळख बाहेरच्या माणसाला गडाची वाट म्हणून असते. नसरापूर, मार्गासनी, साखर अशी गावे मागे टाकीत तो येथवर येतो, चोरदरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर चढतो आणि संध्याकाळी परत फिरतो. चढताना दम घेण्यासाठी थांबून त्याने मागे पाहिले, तर पावसाळ्यात त्याला खाली हिरव्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात. त्या पायऱ्या म्हणजे आमची भातखाचरे. गड कोणी बांधला, हे इतिहासाला ठाऊक आहे; खाचरांचे बांध कोणी घातले, याची नोंद कोठेही नाही. उतारावरून वाहून जाणारी माती दगडांनी अडवून, पाणी उभे राहील एवढी जमीन सपाट करून, एकाखाली एक अशी ती पिढ्यान् पिढ्या रचली गेली. एखादे खाचर चार गुंठ्यांचे, तर एखादे अर्ध्याच गुंठ्याचे. तंत्रज्ञान हा शब्द गावात पोहोचण्याच्या कितीतरी आधी पाणी आणि माती यांना थोपवून धरण्याचे हे तंत्र येथल्या माणसांनी हाताने सिद्ध केले होते.

आधुनिक तंत्रज्ञानाने शेती कशी बदलते आहे, या प्रश्नाची उत्तरे बहुधा सपाट मुलखातून येतात. तेथे ट्रॅक्टर सरळ रेषेत धावतो, शेताच्या एका टोकाला उभे राहिले तर दुसरे टोक अंधुक दिसते. मला मात्र तो प्रश्न या पायऱ्यांवर उभा राहून विचारावासा वाटतो. येथे यंत्राला आधी चढ चढावा लागतो, मग बांध ओलांडावा लागतो, आणि त्यानंतरच त्याला कामास लागता येते.

माझ्या आत्याची अशी नऊ खाचरे आहेत. सहा ओढ्याच्या अंगाला, खाली. तीन वर, जेथे रान सुरू होते तेथे. आत्याचे यजमान लवकर गेले. मुलगा लहान होता तेव्हापासून ती ही शेती करीत आली आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. पण लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत रजा काढून तिच्याकडे जातो. चाळीस वर्षांत तिच्या शेतीत जे जे नवे आले, ते मी जवळून पाहिले आहे. त्यांतले काय टिकले आणि काय आले तसे गेले, यावरून मला या विषयाचे थोडेफार आकलन झाले.

लहानपणी पाहिलेली पहिली आधुनिक वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी खताच्या रिकाम्या पोत्याचे नाव घेईन. त्यापूर्वी बायका लावणीला बांबूच्या कामट्यांची आणि पानांची इरली पाठीवर घेत. पुरुष घोंगडीची खोळ करीत. ती दुपारपर्यंत भिजून अंगाएवढी जड होई. मग युरियाची पोती आली. खताने पिकाला काय दिले, जमिनीचे काय घेतले, याचा हिशेब माणसे पुढे कितीतरी वर्षे करीत राहिली. पोत्याच्या आतल्या प्लॅस्टिकने पाठ कोरडी राहते, हे मात्र सर्वांना एका दिवसात पटले. नव्या गोष्टीची पारख शेतकरी प्रथम आपल्या शरीराने करतो; व्याख्यानांचा आणि पत्रकांचा क्रम त्यानंतरचा.

दुसरी नवी गोष्ट आली ती दिसायला जुन्यासारखीच होती. ती म्हणजे इंद्रायणीचे बियाणे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये हा वाण प्रसारित केला. आपल्या मावळपट्ट्यातला आंबेमोहोर-१५७ आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर-८ यांच्या संकरातून तो निवडला गेला. आंबेमोहोर सुगंधी खरा; पण त्याची ताटे उंच, ऐन दाणा भरताना वाऱ्यापावसात लोळणारी, आणि उतारा बेताचा. इंद्रायणीने वास बऱ्याच अंशी राखला, ताट बुटके केले आणि उतारा वाढवला. माझ्या मते आमच्या खोऱ्यात सर्वांत यशस्वी झालेले तंत्रज्ञान हेच. त्याला डिझेल लागत नाही, बांध आडवा येत नाही, अर्ध्या गुंठ्याच्या खाचरातही ते चार गुंठ्यांच्या खाचराइतकेच निमूटपणे काम करते. शिवाय हा सरळ वाण असल्याने घरचे बी राखून ठेवता येते. आत्या आजही कापणीआधी शेतातून फिरून चांगल्या लोंब्या बाजूला काढते. संशोधकाने आरंभ केलेले काम ती दरवर्षी तिच्या परीने पुढे चालवते.

यंत्र म्हणावे असे यंत्र आले ते त्यानंतर. ते कशाच्या जागी आले, हे समजून घेण्यासाठी बैलांबद्दल सांगितले पाहिजे. भाताची चिखलणी हे बैलांचे काम. आर्द्रा लागली, ओढे भरले की गुडघाभर पाण्यात नांगर आणि फळी फिरवायची. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. मोठे काम असेल तर इर्जिक घातले जाई. सारी आळी नांगर घेऊन एका शेतात उतरे आणि संध्याकाळी त्या घरी जेवण होई. या प्रथांविषयी आपल्याकडे पुष्कळ हळवे लिहिले जाते. मीही त्या जेवणाच्या पंगतीत बसलो आहे आणि त्या दिवसांची मला ओढ वाटते. परंतु सावडीला देण्यासाठी घरात काहीतरी असावे लागते. आत्याच्या दारात बैल नव्हते. बैलांच्या एका दिवसाच्या बदल्यात ती दोन-तीन दिवस दुसऱ्याच्या शेतात लावणी करी, आणि तिच्या खाचरात नांगर उतरे तो गावातली सगळी चिखलणी आटोपल्यावर. तोवर तरव्यातली रोपे जून झालेली असत. जून रोप लावले की त्याला फुटवे कमी येतात, हे तिला कोणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. दरवर्षी ते तिच्या कणगीतच दिसत असे.

गावात पहिला पॉवर टिलर आला तेव्हा त्याच्या आवाजाने गुरे बुजली आणि म्हाताऱ्यांनी नाके मुरडली. आत्याने मात्र पहिल्याच आठवड्यात टिलरवाल्याला गाठले. तिचे तेव्हाचे शब्द माझ्या ध्यानात राहिले आहेत : “पैकं टाकलं की शेत तयार. आता कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.” यंत्राने माणसामाणसांतला ओलावा आटवला, असे आपण म्हणतो तेव्हा त्या ओलाव्यात रांगेच्या शेवटी कोण उभे होते, हेही पाहिले पाहिजे. तासाच्या दराने मिळणाऱ्या यंत्राने माझ्या आत्याला प्रथमच वेळेवर लावणी करू दिली. हा तिचा सन्मान होता. तो रोख पैशांत मोजावा लागला म्हणून कमी प्रतीचा ठरत नाही.

तथापि बैल हे केवळ नांगर ओढण्याचे साधन नव्हते. पंधरा-वीस दिवसांच्या चिखलणीसाठी वर्षभर जोडी पोसणे परवडेनासे झाले. घरातली तरुण मुले शिरवळच्या, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत जाऊ लागली. गुरांमागे रानात जायला कोणी उरले नाही. टिलरने हा निर्णय सोपा केला आणि एकेक दावण रिकामी झाली. दावण गेली तसे शेण गेले. शेण गेले तसा राब अडला. कारण भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजायची तर पालापाचोळ्याबरोबर शेणाचा थर लागतो. शेणखताची जागा विकतच्या खताने घेतली. पेंढा खायला गुरे नाहीत, म्हणून तो विकला किंवा जाळला जाऊ लागला. टिलर आला एका कामासाठी. पण त्याने शेतीतले एक चाक काढून घेतले आणि त्याला जोडलेली दुसरी चारही चाके हलली. शेती हा असा एकात एक गुंतलेला व्यवहार आहे. त्यातली एक गोष्ट बदलून बाकीच्या होत्या तशा राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला उशिरा जाणवली. नांगरणी आणि चिखलणी ही पुरुषांची कामे. यंत्र आले ते प्रथम तेथे. लावणी हे बायकांचे काम, आणि ते आजही हातानेच होते. पावसात, घोट्यावर चिखलात, कमरेत वाकून, मागे सरकत सरकत. भात लावणीचे यंत्र अस्तित्वात आहे आणि सपाट, रुंद शेतांत ते उत्तम चालते. परंतु त्यासाठी चटईवर वाढवलेली रोपे लागतात आणि वळायला जागा लागते. आमच्या खाचरात ते शिरले तर वळेपर्यंत खाचर संपेल. कोणाच्या श्रमांसाठी यंत्र आधी शोधले जाते आणि कोणाच्या श्रमांपर्यंत ते शेवटी पोहोचते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. लावणीच्या आठवड्यात रात्री आत्या पाठ टेकते तेव्हा तो तसा राहत नाही.

या उताराला मानवतील असे उपाय शोधणारी माणसे महाराष्ट्रात झाली, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातलागवड विकसित केली. भाताच्या तुसांची राख किंवा पेंढा जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अंतराने आळीपाळीने नियंत्रित लावणी करणे आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट चिखलात खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. यातले मोठ्यात मोठे अवजार म्हणजे दोरी. खत पाण्यावर फेकले की पहिल्या मोठ्या सरीबरोबर ते वरच्या खाचरातून खालच्या खाचरात आणि तेथून ओढ्यात जाते. ते मुळांपाशी खोचले तर जागेवर राहते. उतारावरच्या शेतकऱ्याला हे सांगताच पटते.

दुसरा प्रयोग नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांचा, सगुणा भात तंत्राचा. यात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. एकदा गादीवाफे तयार करायचे, लोखंडी साच्याने छिद्रे पाडून त्यांत बी टोकायचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यायची. ती मुळे कुजून माती भुसभुशीत होते, त्यामुळे पुढल्या वर्षी पुन्हा नांगरावे लागत नाही. लावणीचे वाकणे त्यात संपते. मात्र उभ्या पाण्याने दडपले जाणारे तण येथे मोकळे सुटते आणि त्याला आवरण्यासाठी तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे एका ओझ्याच्या जागी दुसरा प्रश्न येतोच. तरीही तो प्रश्न कोणता घ्यायचा, हे येथे शेतकऱ्याला ठरवता येते. आणि मला या गोष्टीचे मोल वाटते.

याच काळात मोबाइल आला आणि त्याच्यामागून शेताचे कागदही त्यात आले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यासाठी वेल्ह्याला घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले, ही सोय लहान नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने आपणच शेतात उभे राहून, छायाचित्र घेऊन करावी, अशी ती योजना. तत्त्वतः ही फार चांगली गोष्ट आहे. आपल्या शेतात काय उभे आहे, हे सांगण्याचा पहिला अधिकार तिने शेतकऱ्याला दिला. आमच्याकडे छायाचित्र घ्यायचे बांधावर आणि पाठवायचे रेंज सापडेल त्या ठिकाणी, एवढाच फरक. आत्याला अक्षरओळख आहे, पण काचेवरच्या खुणा तिला उलगडत नाहीत. तिची नोंद तिचा मुलगा करतो किंवा मी करतो. स्वतःच्या शेतात ती आमच्यामागे उभी राहते आणि विचारते, “आलं का माझं भात त्यात?” अधिकार तिच्या नावावर आला; हातात यायचा अजून आहे.

आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चित्र वेगळे आहे. गुंजवणी नदी पुढे नीरेला मिळते. नीरेचे पाणी वीर धरणात अडते आणि डाव्या कालव्याने बारामतीच्या उसाला जाते. तेथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करून दाखवला आहे. जमिनीतले संवेदक ओलावा मोजतात, उपग्रह पिकाचा रंग पाहतो, हवामान केंद्र वाऱ्याची आणि आर्द्रतेची खबर देते, आणि केव्हा किती पाणी द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. राज्य शासनानेही जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी देऊन त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. बारामतीच्या प्रदर्शनात तो ऊस मी पाहिला आणि थक्क झालो. पाण्याचा एकेक थेंब मोजणारी ती शेती होती, आणि त्या पाण्याचा काही अंश आमच्या डोंगरावर पडलेला होता. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी मोजण्याचा प्रश्न येत नाही. मार्च उजाडला की विहिरी तळाला जातात आणि मोजायला पाणी उरत नाही. तालुक्यात धानेपजवळ गुंजवणी धरण झाले. त्याचे पाणी उघड्या कालव्यांऐवजी बंद नलिकांतून राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोर आणि पुरंदर तालुक्यांतील शेतांना देण्याची योजना आहे. ते तंत्रही आधुनिकच, आणि डोंगराळ मुलखाला साजेसे. बुद्धिमान यंत्राचा सल्ला उपयोगी पडतो तो पाणी हातात असलेल्याला; त्यामुळे डोंगरातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नळाची तोटी ही संवेदकाच्या आधीची पायरी आहे.

आता त्या वरच्या तीन खाचरांविषयी. टिलर तेथपर्यंत जात नाही. पूर्वी चार माणसे तो उचलून बांधावरून वर चढवीत. आता उचलायला चार माणसे मिळत नाहीत. म्हणून ही तीन खाचरे दोन वर्षे पड राहिली. पहिल्याच पावसाळ्यात सर्वांत वरचा बांध एका कोपऱ्यात खचला. भाताच्या दिवसांत रोज कोणी ना कोणी बांधावरून चालते, खेकड्याचे बीळ दिसले तर पायाने दाबते, सुटलेला दगड जागेवर ठेवते. शेती थांबली की ही देखरेख थांबते. खचलेल्या कोपऱ्यातून सुटलेले पाणी खालच्या खाचरात गोटे आणि मुरूम घेऊन उतरले. आत्याने त्या दिवशी एवढेच म्हटले, “वरचं फुटलं की खालचं राहत न्हाई.” नऊ खाचरांची ती एक पायरवाट आहे. वरची पायरी ढासळली तर तळाचे उत्तम इंद्रायणीही गाळाखाली जाते.

याच तीन खाचरांना आता गिऱ्हाईक आले आहे. टिलर जेथे पोहोचत नाही, तेथूनच गड सर्वांत सुंदर दिसतो. आणि शहरातल्या माणसाला घर बांधायला तीच जागा हवी असते. मध्यस्थ म्हणतो, वाटेची काळजी करू नका, जेसीबी लावून दोन दिवसांत रस्ता काढून देतो. तो खरे बोलतो. आमच्या खोऱ्यात सर्वांत वेगाने पसरलेले यंत्र शेतीचे नाहीच. ते बांध सपाट करणारे आहे. टिलर बांधापुढे थांबतो, लावणीचे यंत्र खाचरापुढे थांबते, मोबाइल रेंजपुढे थांबतो. जेसीबी मात्र कोठेही थांबत नाही. पिढ्यांनी रचलेले त्याला मोडायला एक दिवस पुरतो. माझा आतेभाऊ कारखान्यात पाळ्यांत राबतो. त्याची मुले शाळेत आहेत, आणि आलेल्या पैशाचा विचार करू नको असे त्याला सांगण्याचा अधिकार मला नाही. तो आईला म्हणाला, “आई, पड जमीन राखून काय करायचं?” हा प्रश्न रास्त आहे. पड जमीन राखण्यात अर्थ नाहीच; ती पड का राहिली, हे शोधण्यात आहे.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून खचलेला बांध दगडांनी पुन्हा उभा केला, आणि वरच्या एका खाचरात कुदळ-फावड्याने गादीवाफे घातले. एकदा घातलेले वाफे दरवर्षी मोडावे लागत नाहीत; म्हणजे तेथवर टिलर चढवण्याची गरजच उरत नाही, असा विचार. साचा आणला, बी टोकले. तणनाशक आत्याने नाकारले. खालच्या ओढ्यावर गुरे पाणी पितात, हे तिचे कारण होते. त्यामुळे दोन वेळा खुरपणी करावी लागली आणि त्याचे कष्ट झाले. भात पसवले. फार आले असे म्हणणार नाही; पण बांधावरून त्या पावसाळ्यात रोज कोणीतरी चालले.

शेतीतल्या नव्या गोष्टींचे मोजमाप आपण एकरी उताऱ्यात करतो. ते आवश्यक आहे. कणगी भरल्याशिवाय कोणतीही शेती टिकत नाही. परंतु उताराच्या मुलखात मला त्याला आणखी एक माप जोडावेसे वाटते. ते साधन सर्वांत वरच्या खाचरापर्यंत जाते काय, आणि गेल्यावर तेथे काय पेरायचे, काय टाळायचे, हे ठरवण्याचे काम त्या खाचराच्या धनिणीकडेच राहते काय? पोते, बियाणे, दोरी आणि साचा या कसोटीला उतरले. मोठी आणि बुद्धिमान यंत्रे उद्या उतरतीलही. ती घडवणाऱ्यांनी एकदा हा चढ चढून पाहिला पाहिजे. मध्यस्थाचा फोन अधूनमधून येतो. आत्या त्याला सध्या एवढेच सांगते, की एका खाचरात भात उभे आहे, आणि राहिलेल्या दोनांत येत्या रोहिणीला टोकायचे आहे.